एका गाडीतल्या दोन ‘टक-टक’: घाटात रेस दिली की येणाऱ्या आवाजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गेल्या डिसेंबरमध्ये वाईच्या आमच्या गॅरेजमध्ये एक गाडी आली. छोटी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी. वय अकरा वर्षं, मीटरवर १,१२,००० किलोमीटर. मालक पाचगणीच्या एका शाळेत शिक्षक आहेत. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून इथे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो, आणि गाडीचं नावही सांगत नाही. अशी तक्रार कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीत येऊ शकते.

सर राहतात वाईत. म्हणजे गाडीला रोज पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटरची चढण, सगळी वळणावळणाची. सकाळी थंड इंजिन घेऊन घरातून निघायचं आणि थोड्याच वेळात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर पूर्ण जोर लावायचा, असा या गाडीचा अकरा वर्षांचा दिनक्रम. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जो मुख्य बिघाड सापडला त्याचं मूळ या रस्त्यात होतं.

सरांनी आल्या आल्या तीन कागद टेबलावर ठेवले. एक बिल, एक इस्टिमेट आणि पेट्रोलच्या नोंदींचं एक वहीचं पान. बिल पहिल्या गॅरेजचं होतं: डाव्या बाजूचा एक्सल (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) बदलला, ७,२०० रुपये. इस्टिमेट दुसऱ्या गॅरेजचं: “टॅपेटचा आवाज, टायमिंग चेनही पाहावी लागेल, इंजिन खोलून काम,” अंदाजे २८,००० रुपये. (टॅपेट इंजिनचे व्हॉल्व्ह उघडतात, टायमिंग चेन त्यांची वेळ सांभाळते.) वहीच्या पानावर त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की सहा महिन्यांपूर्वी लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी आता साडेतेरावर आली आहे.

“दादा, एक्सल बदलून महिना झाला. आवाज तसाच आहे. उलट आता वाढलाय असं वाटतं. इंजिन खोलायचं की नाही, एवढंच सांगा.”

तक्रार नेमकी काय होती

‘रेस दिली की टक-टक येते.’ आमच्याकडे आठवड्यातून एक तरी ग्राहक हे वाक्य घेऊन येतो. या एका वाक्यात निदान सात-आठ वेगवेगळे बिघाड मावतात. एक्सलचा जॉइंट, हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट, मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजिनचं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारे रबर), पेट्रोलचं नॉकिंग, सायलेन्सरवरचा सैल पत्रा, चाकाचे सैल नट, टायरच्या खाचेत अडकलेला खडा, यातलं काहीही असू शकतं. काहींवर पाच मिनिटांचं काम असतं, काहींवर पाच दिवसांचं.

म्हणून गाडी जॅकवर घेण्याआधी मी सरांना बसवून चहा दिला आणि प्रश्न विचारले. आवाज सरळ रस्त्यावर येतो की वळताना? सकाळी जास्त की दुपारी? गाडी उभी ठेवून रेस दिली तर येतो का? क्लच दाबला तर थांबतो का? एकदाच ‘टक’ होतं की माळ लागते? गाडीचा वेग वाढला की आवाजाची गती वाढते, की इंजिनची?

पहिल्या दोन गॅरेजमध्ये त्यांना यातलं काही विचारलं गेलं नव्हतं. सर विचार करून उत्तरं देत होते. सरळ चढावरही येतो. सकाळी घरातून निघताना जास्त असतो, बाजारपेठ ओलांडेपर्यंत कमी होतो आणि घाटाला लागलं की परत सुरू होतो. उभ्या गाडीला रेस दिली तर जवळजवळ येतच नाही. ‘एकदाच की माळ’ या प्रश्नावर मात्र ते अडखळले.

“कधी एकदाच होतो, सिग्नलवरून गाडी काढताना. आणि घाटात नुसती माळ लागते. आता तुम्ही विचारलंत म्हणून वाटतंय, ते एकच ‘टक’ पूर्वी नव्हतं बहुतेक.”

या उत्तरानं प्रकरणाची दिशा बदलली. सर दोन आवाजांना एकाच नावानं हाक मारत होते. त्यातला एक जुना होता, दुसरा मात्र एक्सल बदलल्यानंतर सुरू झालेला.

पहिला निर्णय: आधी खोलायचं की आधी चालवायचं

आमच्या धंद्यात एक सवय फार रुजली आहे. गाडी आली की जॅक लावायचा, चाक हलवायचं आणि दिसेल त्या खराब वस्तूवर बोट ठेवायचं. अकरा वर्षांच्या गाडीखाली वाकून पाहिलं तर काही ना काही फाटलेलं, झिजलेलं दिसतंच. पहिल्या गॅरेजमध्ये बहुधा हेच झालं. डाव्या एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं होतं, असं सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं होतं. म्हणजे त्यांनी काही खोटं सांगितलं नाही. बूट फाटलं की पावसाळ्यातलं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं आणि जॉइंटच्या गोळ्या ज्या खाचांतून फिरतात त्या खाचा खराब होतात. असा जॉइंट पुढे टक-टक वाजतोही. पण फाटलेलं बूट सापडणं आणि आवाजाचं कारण सापडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मधली पायरी, म्हणजे हा आवाज त्या जॉइंटचाच आहे का हे तपासणं, राहून गेली.

मी ठरवलं की गाडी सरांनीच चालवायची आणि मी शेजारी बसायचं. हे महत्त्वाचं आहे. मेकॅनिक स्वतः चालवतो तेव्हा त्याच्या पायाच्या सवयीनं चालवतो आणि ग्राहकाला येणारा आवाज त्याला कित्येकदा ऐकूच येत नाही. सर तिसऱ्या गिअरवर कुठे रेस देतात, कुठे खाली घेतात, हे मला त्यांच्या पायानंच पाहायचं होतं.

ट्रायल

आधी सुरूरच्या रस्त्याला सपाटीवर गेलो. तिथे आवाज नावापुरता. मग पसरणी घाटाला लागलो आणि दुसऱ्याच वळणाच्या पुढे माळ सुरू झाली: कोरडी, बारीक, पत्र्यावर नख आपटल्यासारखी.

मी सरांना म्हटलं, “वेग तीसवरच ठेवा. आता तिसऱ्यात आहात ना? तीसलाच दुसरा टाका.”

गिअर बदलला, वेग तोच राहिला आणि टक-टक लक्षात येण्याइतकी जलद झाली. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच.

याचा हिशेब सोपा आहे. या गाडीला १५५/८० आर १३ मापाचे टायर आहेत. त्यांची एक फेरी म्हणजे साधारण १.८ मीटर. ताशी ३० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेचार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, गिअर कुठलाही असो. एक्सल चाकाबरोबरच फिरतो, त्यामुळे एक्सलच्या जॉइंटचा आवाज गिअर बदलला म्हणून जलद होऊ शकत नाही. इंजिनचं तसं नाही. अशा गाडीत तीसच्या वेगाला तिसऱ्या गिअरवर इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास असतं, दुसऱ्यावर सव्वादोन हजारांच्या. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा बार (आतल्या पेट्रोलचा भडका) दोन फेऱ्यांतून एकदा होतो, म्हणजे तिसऱ्यात सेकंदाला बारा-तेरा वेळा आणि दुसऱ्यात अठरा-एकोणीस वेळा. आमच्या कानाला जो फरक जाणवला तो हा.

त्या एका चाचणीत एक्सल, चाक, टायर, बेअरिंग या सगळ्यांची नावं माळेच्या आवाजातून वगळली गेली. खर्च शून्य.

उरलेल्यांत पहिला संशय नॉकिंगचा. वरच्या गिअरवर इंजिन दमवलं की पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि खडखड आवाज येतो. पण नॉकिंग असतं तर दुसऱ्या गिअरवर इंजिन मोकळं झाल्यावर ते कमी व्हायला हवं होतं. शिवाय ते तापलेल्या इंजिनात वाढतं. इथे आवाज सकाळी थंडीत जास्त होता. टॅपेटचा संशयही मागे पडला. टॅपेटचं अंतर वाढलं असेल तर गाडी उभी असतानाही, विशेषतः आयडलला, बारीक टिक-टिक येत राहते. तिला चढाची गरज लागत नाही. या गाडीत उभ्या उभ्या रेस दिली तर काहीच नव्हतं. पत्रा सैल असता तर एका ठरावीक रेसला थरथरला असता आणि त्याच्या पुढे-मागे गप्प बसला असता.

थंड असताना येणं, गरम झाल्यावर कमी होणं, जोर पडला की परत येणं आणि इंजिनच्या गतीबरोबर जलद होणं. या चार गोष्टी एकत्र आल्या की माझं लक्ष एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे जातं. इंजिनमधून जळका वायू जिथे बाहेर पडतो, तिथे हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्ड (वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये पॅकिंग असतं. ते फुटलं किंवा तिथला स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट लावायचा आटेदार दांडा) सैल झाला, तर प्रत्येक बाराला थोडा वायू फटीतून सुटतो आणि त्याची ‘टक’ होते. धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज कमी होतो. घाटात पाय दाबला की आतला दाब वाढतो आणि वायू परत वाट काढतो. उभ्या गाडीला रेस देताना इंजिनवर ओझं नसतं, म्हणून गॅरेजमध्ये बॉनेट उघडून गरम इंजिनाला रेस देणाऱ्याला तो सापडत नाही. अ‍ॅव्हरेज का घटलं तेही यात बसत होतं. दोन बारांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा वाचतो, पेट्रोल कमी पडतंय असा समज करून घेतो आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो.

दुसरा आवाज मी परतीच्या वाटेवर ऐकला. गाडी थांबवून पहिल्या गिअरवर काढली की डाव्या चाकातून एक ‘टक’. रिव्हर्सला घेतली की पुन्हा एक. नंतर शांत. ओढीची दिशा बदलली की एकदाच वाजणारा आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे आणि जागा बदलून बसतंय. एक्सल नुकताच बसवलेला, त्यामुळे सगळ्यात आधी पाहायचा तो हबचा नट.

आणखी एक गोष्ट सरांनी परत येताना सहज सांगितली. थंडीमुळे काचा बंद आणि ब्लोअर चालू असतो; बरोबर त्यांची मुलगी असते, ती वरच्याच शाळेत शिकते; आणि हल्ली वर पोचेपर्यंत दोघांचं डोकं जड होतं. हे ऐकल्यावर मी त्यांना गाडी त्याच दिवशी ठेवून जायला सांगितलं. मॅनिफोल्डमधून गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ब्लोअर हवा घेतो ती बॉनेटच्या मागच्या कडेकडून. आवाजाची तक्रार आठवडाभर थांबू शकते, ही थांबू शकत नाही.

खात्री कशी केली

नट आधी पाहिला. डाव्या चाकाची टोपी काढली तर नट जुनाच परत वापरलेला होता आणि त्याची कड खाचेत नीट ठोकलेली नव्हती. खुणेसाठी नटावर आणि हबवर मिळून रंगाची एक रेघ ओढली आणि पाना लावला. पुस्तकात आवळण्याचा जोर १७५ न्यूटन-मीटर दिलेला असताना हा साध्या हातानं जवळजवळ पाव फेरी फिरला. हा नट नुसता एक्सल धरून ठेवत नाही, चाकाचं बेअरिंगही दाबून ठेवतो. तो सैल असेल तर बेअरिंग खराब होतं आणि गोष्ट आवाजावर थांबत नाही.

मॅनिफोल्डसाठी गाडी रात्रभर ठेवली, म्हणजे इंजिन पूर्ण थंड मिळेल. सकाळी सुरू केली तर हुडाखालून ‘टक-टक-टक’ स्पष्ट. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवलं, चौथ्या सिलिंडरपाशी आवाज मोठा झाला. लगेच इंजिन बंद केलं. थंड असतानाच सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून धूळ उडवायच्या ब्लोअरची नळी लावली, वरचा पत्रा काढला आणि मॅनिफोल्डच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या कडेला फेस आला. तिथे हेडवर काजळीचा काळा पंखा उमटलेला होता. आणि त्या कोपऱ्यातला स्टड तुटलेला. नटासकट अर्धा भाग कधीच गळून गेला होता.

टोकाचेच स्टड बहुतेक वेळा तुटतात. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, पण मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दोघांची ओढाताण रोज होते आणि तिचा सगळ्यात मोठा ताण मधल्या स्टडवर न येता कडेच्या स्टडवर येतो. रोज सकाळी थंड निघून काही मिनिटांत घाटाचं ओझं घेणाऱ्या गाडीत तर जास्तच.

सरांना बोलावून फेस दाखवला. त्यांनी वाकून, चष्मा सावरून पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे इंजिन खोलायचं नाही.” त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला मला दिसला.

पर्याय

नटाबद्दल विचार करायचा नव्हता, नवा नट घालून टॉर्क पान्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) आवळायचा. प्रश्न फक्त बेअरिंगचा होता. महिनाभर सैल नटावर चाललेलं बेअरिंग बदलून टाकावं का? चाक वर घेऊन फिरवलं, घरघर नव्हती. वर-खाली, डावं-उजवं हलवलं, खेळ नव्हता. मी बदललं नाही. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं ठरवलं. बदललं असतं तर चूक म्हणता आली नसती, पण या ग्राहकाच्या खिशातून आधीच अनावश्यक पैसे गेले होते.

मॅनिफोल्डचे मार्ग चार होते. पहिला, फटीवर सायलेन्सर पेस्ट लावून वेळ मारून नेणं. सरांनी तो विचारला, कारण त्यांना परीक्षेच्या कामासाठी गाडी हवी होती. मी नाही म्हटलं. तुटलेल्या स्टडच्या जागी दाबच नाही, पेस्ट काही दिवसांत उडाली असती आणि मुलगी पुन्हा त्याच गाडीत बसली असती. दुसरा, उरलेले नट आवळून नवं पॅकिंग घालणं. कोपरा मोकळाच राहणार, म्हणून तोही नको. तिसरा, मॅनिफोल्ड उतरवून तुटलेला स्टड काढणं, पृष्ठभाग तपासणं, सगळे स्टड-नट आणि पॅकिंग नवं घालणं. चौथा, मॅनिफोल्डच नवा घेणं. तो या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागासकट) येतो, त्यामुळे खर्च कित्येक पट. तडा नसेल तर त्याची गरज नव्हती.

तिसरा ठरला. मी खर्च ४,००० रुपये आणि वेळ एक दिवस सांगितला. दोन्ही अंदाज चुकले.

प्रत्यक्ष काम, आणि माझी चूक

आधी हबचा नट. तो बसवून लगेच ट्रायल घेतली, मॅनिफोल्डला हात न लावता. एकेरी ‘टक’ गेलं, माळ तशीच राहिली. दोन्ही कामं एकदम केली असती तर कुठल्या कामानं काय गेलं हे कळलं नसतं.

मग मॅनिफोल्ड. उरलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि तासाभरात पाना लावला. ही घाई होती. तिसऱ्या सिलिंडरजवळचा नट हलेना. मी पान्याला पाइप जोडून जोर दिला आणि स्टड हेडच्या अगदी बरोबरीनं तुटला. हातात आलेला तो ‘कडक्’ मला अजून आठवतो. रात्रभर तेल मुरू दिलं असतं, नटाला आच देऊन थोडं पुढे-मागे करत सोडवलं असतं, तर बहुतेक निघाला असता. वीस वर्षं हेच मी पोरांना शिकवतो, आणि त्या दिवशी सरांना संध्याकाळी गाडी द्यायची म्हणून मीच घाई केली.

आता तुटलेले दोन झाले. कोपऱ्यातला सोपा निघाला, कारण त्याचं तीन-चार मिलिमीटर टोक बाहेर होतं. बॅटरी सोडवली, कॉम्प्युटरचा कनेक्टर काढला, वेल्डिंगची अर्थ अगदी जवळ लावली, टोकावर नट ठेवून आतून वेल्ड मारला. वेल्डच्या आचेनं गंज सुटतो. जरा निवल्यावर आधी केसभर आवळून मग सोडवला, सरळ बाहेर आला.

माझ्या हातानं तुटलेल्याला असं टोकच नव्हतं. ड्रिल सरळ लागावं म्हणून रेडिएटर आणि फॅन उतरवावे लागले. मध्यावर पंच मारून आधी तीन मिलिमीटरचं, मग पाचचं भोक पाडलं. तरीही जुना तुकडा फिरेना. शेवटी पूर्ण ड्रिल करून हेलिकॉइल (भोकात नवे आटे तयार करणारी तारेची गुंडाळी) बसवलं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल एक मिलिमीटर तिरकं गेलं असतं तर हेड उतरवायची वेळ आली असती. ते दोन तास मी एकही फोन घेतला नाही.

मॅनिफोल्डच्या तोंडावर पट्टी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लावला. चौथ्या तोंडापाशी ०.३ मिलिमीटरचं पान आत गेलं. पुस्तकातली मर्यादा ०.१०. तसाच बसवला असता तर नवं पॅकिंगही काही महिन्यांत फुटलं असतं. साताऱ्याला एका वर्कशॉपमध्ये पाठवून फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून, घेतलं. तडा आहे का तेही पाहून घेतलं, नव्हता. मग नवे स्टड, नवे नट, धातूच्या थरांचं पॅकिंग, आणि नट मध्यापासून कडेकडे, दोन टप्प्यांत टॉर्क पान्यानं.

गाडी वर होतीच म्हणून उजव्या एक्सलचं बूट पाहिलं. फाटलेलं नव्हतं, पण घड्यांत भेगा होत्या आणि पुढचा पावसाळा त्यानं काढला नसता. सरांना फोन करून विचारलं आणि फक्त बूट व मॉलीचं (मॉलिब्डेनम असलेलं) काळं ग्रीस बदललं. जॉइंट साफ करून गोळ्या आणि खाचा पाहिल्या, चांगल्या होत्या. डाव्या बाजूलाही कदाचित एवढंच पुरलं असतं. पण जुना एक्सल पहिल्या गॅरेजनं बदल्यात ठेवून घेतला होता, त्यामुळे तो उघडून पाहायची सोय राहिली नव्हती.

निष्पत्ती

एक दिवस सांगितलेलं काम तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं. चौथ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, सर आणि मी पुन्हा पसरणी घाट चढलो. त्याच वळणाच्या पुढे, त्याच तीसच्या वेगाला, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात. आवाज नाही. सरांनी काच खाली घेतली, कठड्याजवळून जाताना कान दिला, परत वर घेतली. वरच्या बाजूला गाडी थांबवून ते काही वेळ नुसते स्टेअरिंगवर हात ठेवून बसले.

बिल ६,४०० रुपये झालं असतं. दुसरा स्टड माझ्यामुळे तुटला होता, म्हणून त्याची मजुरी, हेलिकॉइल आणि कूलंट मी धरलं नाही. ४,९०० घेतले. सरांना कारणही सांगितलं, कारण बिलावर काय नाही हेही ग्राहकाला कळायला हवं.

५०० किलोमीटरनंतर गाडी आली तेव्हा बेअरिंग शांत होतं, हबच्या नव्या नटावर ओढलेली रंगाची रेघ जागेवर होती. वहीतलं अ‍ॅव्हरेज साडेपंधरावर आलं होतं. डोकं जड होण्याची तक्रार दोघांचीही पुन्हा आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी घाटात नेली असती तर एक्सलवर संशय टिकला नसता. एक्सलचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, जॉइंट खराब असेल तर तो मुख्यतः वळताना वाजतो. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण फिरवून, पहिल्या गिअरवर हळू रेस देत गोल चक्कर मारली की लगेच कळतं. आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, जॉइंट झिजला तर सरळ रेस देताना गाडी थरथरते. डावीकडे वळताना वाजलं की उजवा जॉइंट खराब, असा नियम आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. तो पुष्कळदा बरोबर निघतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर वजन येतं. पण वळणाच्या आतलं चाक जास्त कोनात वळतं, त्यामुळे त्या चाकाचा जॉइंटही वाजू शकतो. मी तरी हातानं तपासल्याशिवाय बाजू ठरवत नाही.

एक्सल बदलला तर हबचा नट नवाच हवा, आणि तो अंदाजानं आवळायचा नाही. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे. इथे ती वाचवली गेली आणि गाडीत दुसरा बिघाड घुसला. त्याहून वाईट म्हणजे नव्या आवाजानं जुन्या आवाजाचा माग पुसला. दुसऱ्या गॅरेजनं इंजिन खोलायचं म्हटलं त्यामागे हा गोंधळही असावा.

सरांनीही जुना एक्सल मागून घ्यायला हवा होता. बदलीच्या व्यवहारात तो ठेवून घेतात हे खरं, पण निदान समोर उघडून दाखवा असं म्हणता येतं.

माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या. स्टडची घाई सांगितलीच. दुसरी, अकरा वर्षांच्या गाडीचा मॅनिफोल्ड उतरवायचा असताना मी एकच आकडा आणि एकच दिवस सांगितला. “सगळे नट सुटले तर चार हजार आणि एक दिवस; तुटले तर सात हजार आणि तीन दिवस,” असं आधीच सांगितलं असतं तर सरांनी परीक्षेसाठी दुसरी सोय केली असती आणि माझ्या हातावर संध्याकाळचं दडपण आलं नसतं. आता गंजलेल्या स्टडचं कुठलंही काम घेताना मी दोन आकडे सांगतो आणि गाडी आदल्या रात्रीच ठेवून घेतो.

मार्चमध्ये सर ऑइल बदलायला आले. मी पत्रा काढून सगळ्या नटांना पाना लावून पाहिला, एकही हलला नाही. जाता जाता त्यांनी एका सहकाऱ्याच्या गाडीचं सांगितलं, तिच्यातही टक-टक सुरू झाली आहे. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, “विचारून आलोय, दादा. फक्त वळताना येते. शाळेच्या आवारात स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की. सरळ चढावर काही नाही.”

“मग त्यांना म्हणावं, पावसाच्या आत घेऊन या. आणि येताना गाडी धुऊन आणू नका. ग्रीस कुठे उडालंय ते मला पाहायचंय.”